रानोंग्गाचा पक्षी पाणी ओलांडत नाही

गिझो बेटावरच्या बाजारात कतूराचा राग हवामानासारखा धरला जाई. सकाळी होड्या लागल्या, की बाकीच्या बायका आपापली रताळी मांडता मांडता एकमेकींना विचारत, "आज कुठून वाहतोय गं?" मग कुणीतरी सांगे, "पाववाल्याकडून." म्हणजे पाववाल्याने पाव लहान केलेला असे, आणि दुपारपर्यंत त्या बाजूला फिरकण्यात अर्थ नसे. दुसऱ्या दिवशी तो पाळकांकडून वाहे, कारण प्रवचन लांबलेलं असे आणि घरी मासे करपलेले असत. कतूरा गप्प दिसली, तर लोक काळजीने जवळ येत आणि ताप आहे का विचारत.

हा राग तिने माहेराहून आणला, असं तिच्या नणंदा म्हणत. कतूराचं म्हणणं, येताना तो नव्हता. इथे आल्यावर लागला.

ती रानोंग्गाची. गिझोच्या मागच्या टेकडीवर चढलं की पश्चिमेला जो लांबट हिरवा डोंगर पाण्यातून पाठ काढून पडलेला दिसतो, तेच रानोंग्गा. मधलं पाणी एवढंसं. चांगल्या हवेत पोरंसुद्धा वल्हवत जातात. पण तिकडची भाषा वेगळी, आणि तिकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते. इकडच्या बायकांना ही गोष्ट ऐकून मौज वाटे. कतूराला त्यांची मौज वाटणं हाच अपमान वाटे.

लग्न होऊन निघाली, तेव्हा होडीत पानांत भाजलेली कंदाची पुडिंगं होती, नव्या चटया होत्या, आणि आईने मांडीवर ठेवलेला एक वेताचा पिंजरा होता. पिंजऱ्यात दोन चष्मेवाले. मुठीत मावतील एवढे हिरवे-पिवळे पक्षी, डोळ्याभोवती पांढरं कडं. रानोंग्गाच्या चष्मेवाल्याचं कडं चांगलं रुंद असतं. एखाद्या म्हाताऱ्या मास्तरासारखा तो बघतो. "माहेरचं कुणीतरी असू दे जवळ," आई म्हणाली होती. लेकीला ती एवढंच देऊ शकत होती असं नव्हे. रानोंग्गाच्या डोंगराचा अख्खा वरचा कडा लेकीचाच होता. पण कडा होडीत मावत नाही.

कतूराने पिंजरा ओबेदच्या अंगणात, जास्वंदीखाली उघडला. गिझोचे चष्मेवाले लगेच बघायला आले. त्यांची चोच पिवळी, कडं बारीक. आले, फांदीवर बसले, माना वाकड्या केल्या आणि निघून गेले. माहेरच्या दोघांनी हाका मारून पाहिल्या. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

"भाषा कळत नसेल," ओबेद म्हणाला. तो होड्यांची यंत्रं दुरुस्त करी आणि जगातल्या बहुतेक गोष्टींमागे साधं काहीतरी कारण असतं असं मानी.

"भाषा कशाला कळायला हवी? या-बसा म्हणायला भाषा लागते?" कतूरा म्हणाली. "तुमच्याकडचे पक्षीसुद्धा तुमच्या बहिणींसारखेच आहेत."

पुढे एकाला मांजराने खाल्लं. दुसरा जास्वंदीत बसून राही. आधी थोडं बोले, मग तेवढंही बोलेनासा झाला, आणि एके सकाळी तो दिसला नाही. कतूरा त्या दिवशी कुणाकडूनच वाहिली नाही. नणंदांनी विचारलं, ताप आहे का.

*

बऱ्याच वर्षांनी ओबेदच्या मागच्या खोलीत इंगा नावाची परदेशी बाई राहायला आली. तोवर तिर्सा, कतूराची लेक, दवाखान्यात परिचारिकेचं काम शिकू लागली होती. इंगा झाडांमध्ये केसांसारख्या बारीक जाळ्या लावी, पक्षी धरी, मोजी, पायात कडी घाली आणि सोडून देई. कतूराला हे काम मुळीच पटलं नाही. धरायचं आणि सोडायचं, मग धरलं कशाला? पण बाई भात चवीने खाई आणि स्वयंपाकाला नावं ठेवत नसे, म्हणून तिने तिला ठेवून घेतलं.

एकदा इंगाने पाटावर तीन चित्रं मांडली. "हा गिझोचा. हा रानोंग्गाचा. हा वेल्लाचा, याच्या छातीवर पिवळा पट्टा आणि पोट पांढरं. तीन बेटं, तीन जाती. मधे पाणी एवढंसं. जगात इतक्या घाईने वेगळे झालेले पक्षी फार नाहीत."

"वेगळेच होते ते," कतूरा म्हणाली.

"आधी एकच होते. केव्हातरी वादळाने एखादा थवा या बाजूला आणून टाकला असेल."

"मग तो आधी रानोंग्गाला उतरला असणार."

"ते काही सांगता येत नाही."

"मी सांगते ना! आणि तिथून काही फुकट खाणारे इकडे गिझोला आले."

इंगा हसली. कतूरा हसली नाही. तिला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आला होता. वादळातून समुद्र ओलांडून आलेल्या पक्ष्याला आता दोन वल्ह्यांचं पाणी का ओलांडता येत नाही?

"येतं," इंगा म्हणाली, "पंख तेच आहेत. पण ते ओलांडत नाहीत. असं बघ. बेटावर खायला आहे, मारणारं फारसं कुणी नाही. ज्यांना उठून जायची खोड होती ते गेले, आणि बहुतेक पाण्यात पडले. घरी राहिले त्यांची पिल्लं झाली. त्या पिल्लांतही जी घरी राहिली त्यांचीच पुढे झाली. असं होता होता पाणी दिसलं की वळायचं, हे अंगातच उतरलं. मग जो तो आपापल्या बेटावर. इथे एक फळ, तिथे दुसरं. इथल्या मादीला पिवळी चोच आवडली, तिथल्या मादीला रुंद कडं. कदाचित."

"कदाचित?"

"कदाचित."

"एवढी मोजमापं घेऊन कदाचित!" कतूरा म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने जास्वंदीतल्या त्या पक्ष्याला माफ केलं. त्याला उत्तर न देणाऱ्यांना नाही केलं.

खरं तर पक्ष्यांना नावं ठेवण्याचा अधिकार आमच्या बेटांवर कुणालाच नाही. रानोंग्गा एवढं अरुंद, की एका किनाऱ्याने चढलं तर दुसऱ्या किनाऱ्याला उतरून जेवता येईल. तरी त्यावर भाषा दोन. त्यात चर्चही दोन, रविवारवाले आणि शनिवारवाले. एकाच आजीची नातवंडं, पण ज्यांच्या देवाला शनिवार आवडतो ती डुक्कर खात नाहीत, शिंपल्या खात नाहीत, सुपारी खात नाहीत, आणि रविवारवाल्यांच्या मुली तर शक्यतो करतच नाहीत. पक्ष्यांना वेगळं व्हायला निदान पाणी लागतं.

कतूराचा धाकटा भाऊ नहूम असाच बायकोमागून शनिवारवाला झाला होता. कतूराने त्याला त्याबद्दल बोलायचं ते बोलून घेतलं, मग पुढच्या वेळी येताना शिंपल्यांऐवजी मासा आणला. भाऊच तो.

*

भूकंपाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गिझोवर समुद्र चढला आणि माणसं घेऊन गेला. रानोंग्गाला समुद्राने काही केलं नाही. बेटच खालून उचललं गेलं. किनाऱ्यालगतचं प्रवाळ पाण्याबाहेर येऊन उन्हात पडलं. मासे, शिंपल्या, खेकडे, सगळं जागच्या जागी कुजलं, आणि तो वास गिझोपर्यंत आला असं कतूरा म्हणते. शनिवारवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, शिंपल्या आपण खातच नव्हतो. पण नहूमची मासेमारी त्याच प्रवाळावर होती. त्याची होडी जिथे तरंगायची, तिथे तो आता चपला घालून चालत जाऊ शकत होता. हे मान्य करावं लागेल. नहूम दुष्ट नव्हता. त्याच्या पायाखालचं पाणी गेलं होतं आणि त्याला तीन पोरं होती.

अशा वेळी लाकूडतोडीच्या कंपन्या येतात. त्यांना वास येतो.

वरच्या कड्याची बातमी कतूराला होडीवाल्याकडून कळली. "ताई, तुमच्या कड्यावरच्या झाडतोडीची सुनावणी आहे ना पुढल्या बुधवारी? मोठी झाडं जाणार म्हणतात. नहूमदादाच बोलणार आहे तुमच्याकडून."

"आमच्याकडून म्हणजे कुणाकडून?"

होडीवाल्याने वाऱ्याची दिशा ओळखली आणि इंधन आणायला गेला.

नहूम तिला दुकानाच्या पायरीवर सापडला. हातात यांत्रिक करवतीची नवी साखळी होती, अजून कागदात गुंडाळलेली. ती पाहून कतूराला पुढचं विचारायची गरज उरली नाही. तरी तिने विचारलं.

"ताई, ओरडू नकोस. लोक बघतात."

"बघू देत. मला विचारलंस?"

"तू गिझोची आता. इतकी वर्षं झाली. कड्यावर तुझं एक रताळं तरी आहे का?"

"जमीन रताळ्याने ठरते होय? आईने कुणाला दिली?"

"दिली तुला. पण बोलायचं मलाच आहे ना? बाई काय सुनावणीत उभी राहणार?"

हेच तर. आमच्याकडे जमीन बायकांची आणि जीभ पुरुषांची. पूर्वी याचा अर्थ एवढाच होता, की बायका घरी ठरवत आणि भाऊ बाहेर जाऊन सांगे. मग बाहेर सह्यांचे कागद आले. कागदाला घरी काय ठरलं ते ऐकू येत नाही. जो समोर उभा असतो, त्याचंच नाव तो घेतो. असे कितीतरी कडे बहिणी स्वयंपाकात असताना गेले.

"आणि पक्षी?" कतूराने विचारलं.

"कुठला पक्षी?"

"आपला चष्मेवाला. तो वरच्या मोठ्या झाडांतच राहतो. किनाऱ्याला उतरत नाही."

नहूमने तिच्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात मासे तोलून देणारा माणूस माशाच्या डोळ्यात अश्रू शोधणाऱ्याकडे पाहील. "ताई, पक्ष्याला पंख आहेत. जाईल वेल्लाला."

वेल्ला लावेल्ला बेट कड्यावरून दिसतं. सकाळी तिथल्या चुलींचा धूरसुद्धा दिसतो.

"अरे, जगाच्या सुरुवातीपासून नाही गेला तो," कतूरा म्हणाली. "तुझ्या सहीसाठी जाईल?"

*

सुनावणीला ती निघाली तेव्हा तिर्सा सोबत होती, तिला त्या दिवशी सुट्टी होती. होडीत ओबेदने यंत्र पाहिलं आणि बायकोला बजावलं, "भावाला चारचौघांत उलट बोलू नकोस हां. दंड बसेल."

हा नियम आहे. बहिणीने भावाला लोकांसमोर तोंडावर खोटं पाडलं, तर दोघांचीही लाज जाते आणि बहिणीच्या घराला डुक्कर द्यावं लागतं. नहूम शनिवारवाला झाल्यापासून, त्याला डुक्कर चालत नसताना दंड काय घ्यायचा, यावर गावात मतं होती. कुणी कोंबड्या म्हणे, कुणी तांदूळ. प्रश्न सुटला नव्हता, कारण बोलण्याची हिंमतच कुणी केली नव्हती.

"मी त्याच्याशी बोलणारच नाही," कतूरा म्हणाली. "मी माझ्या लेकीशी बोलेन. त्याला काही दंड आहे का?"

ओबेदने विचार केला आणि दोरी सोडली.

शाळेच्या पत्र्याखाली माणसं दाटून बसली होती, बाकीची खिडक्यांतून आत वाकली होती. मधे टेबलामागे अधिकारी, घामाने भिजलेला आणि सभ्य. त्याच्या शेजारी कंपनीचा माणूस. बाजूला लोदूमामा, कतूराच्या आईचा भाऊ, कुळाचा सर्वांत म्हातारा पुरुष. लोदूमामाला कंपनीकडून छपरासाठी नवा पत्रा मिळणार होता असं लोक म्हणत. तो खाली बघत होता.

कंपनीच्या माणसाने वाचून दाखवलं. बेटावरचे पक्षी आसपासच्या बेटांवर सर्वसामान्यपणे आढळतात. काम सुरू झाल्यावर ते तात्पुरते इतरत्र जातील. हे ज्याने लिहिलं तो माणूस रानोंग्गाला आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण वाक्य छान होतं. त्यात "तात्पुरते" होतं.

नहूम उभा राहिला. "साहेब, पक्ष्यांना पंख आहेत. आम्हांला नाहीत. आमचं प्रवाळ गेलं. आम्ही कुठे जायचं?"

खिडक्यांतून हुंकार उठला. बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच कतूराला जास्त राग आला. खऱ्या दुःखावर खोटी सही करायची, ही तिला चोरीपेक्षा वाईट गोष्ट वाटली.

"तिर्सा," ती म्हणाली. लेक अगदी तिला टेकून बसली होती, पण आवाज मागच्या भिंतीला लागून परत आला. "तुझ्या आजीने मला लग्नात दिलेल्या त्या दोन चष्मेवाल्यांचं काय झालं, सांगितलंय ना तुला?"

तिर्साला आधी कळलं नाही. मग कळलं. "मेले, आई."

"का बरं? पंख नव्हते त्यांना?"

"होते."

"गिझोच्या चष्मेवाल्यांनी ये म्हटलं नाही?"

"नाही म्हटलं."

"मग वेल्लाचे म्हणतील का? त्यांच्या छातीवर पट्टा असतो. ते आपल्याला ओळखत नाहीत. हा कडा गेला की आपला पक्षी इतरत्र जात नाही बरं, तिर्सा. तो संपतो. तो आणखी कुठेच नाही. ज्यांनी कागदावर सर्वसामान्य लिहिलं, त्यांना विचार, गिझोच्या पक्ष्याची चोच कुठल्या रंगाची."

माणसं हसू दाबत कंपनीच्या माणसाकडे वळली. तो म्हणाला, "सगळ्यांच्याच डोळ्याभोवती पांढरं असतं, बाई."

"त्यांना सांग, तिर्सा, सगळ्याच माणसांना नाक असतं. म्हणून ते माझे जावई होत नाहीत."

हसण्याने पत्रा हलला. लोदूमामाच्या खांद्यांनाही हसू फुटलं. पण अधिकारी हसला नाही. त्याने शांतपणे सांगितलं, "बाई, पक्षी एका बेटावर आहे की दहा, याने माझा निर्णय ठरत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की या जमिनीसाठी बोलायचा अधिकार कुणाचा."

कतूरा त्याच्याकडे बघत राहिली. वादळातून एक थवा येतो, पाण्याकडे पाठ करतो, पिढ्यांमागून पिढ्या त्या एका कड्यावर बसून जगात दुसरीकडे नाही असा पक्षी होतो, आणि त्याबद्दल विचारायला टेबलावर जागाच नाही! ती चिडून गप्प बसली. नहूमला वाटलं, संपली. आणि तिथे त्याच्याकडून चूक झाली, जी आमच्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

त्याला बहिणीच्या लेकीची भीती वाटली होती. आज कतूरा, उद्या तिर्सा, परवा तिर्साची लेक. ही रांग त्याला तोडायची होती. म्हणून तो म्हणाला, "साहेब, कड्यावरची नाली-बदामाची झाडं कुणी लावली? माझ्या वडिलांनी. आम्ही लहानपणी त्यांच्याच बिया फोडून खाल्ल्या. बापाची झाडं जिथे, तिथे मुलाचा शब्द. मी वडिलांच्या बाजूने बोलतो."

मग खिडक्यांतली डोकी एकदम मागे सरली, पाठीमागच्यांना सांगायला. लोदूमामाने पहिल्यांदा मान वर केली.

लहान पोरालाही ठाऊक आहे. झाड लावणाऱ्याला झाडाची फळं, पण माती ज्या आईची तिचीच. कूळ आईचं. बापाच्या बाजूने बोलायचं, म्हणजे बापाच्या कुळात जाऊन उभं राहायचं. आणि त्यांचा बाप वेल्लाचा होता.

कतूरा हळूच म्हणाली. हळू म्हणाली म्हणूनच सगळ्यांनी ऐकलं. "तिर्सा, हे गृहस्थ वेल्लाचे दिसतात गं. लांबून आलेत. पाहुण्यांना शहाळं दे."

तिर्सा गेली. बाहेर शहाळ्यांचा ढीग होता, अधिकाऱ्यासाठी आणलेला. एक सोलून, तोंड उघडून तिने नहूमसमोर दोन्ही हातांनी धरलं, पाहुण्याला धरतात तसं. आपल्या घरच्या माणसाला कुणी असं देत नाही. घरचा माणूस स्वतः उठून घेतो.

नहूमने ते घेतलं. घ्यावंच लागतं. आता प्यायलं तर तो पाहुणा, आणि नाही प्यायलं तर यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं. हातात शहाळं धरून तो उभा राहिला.

"मामा," तो म्हणाला, "मी फक्त झाडांबद्दल बोललो."

"झाडांबद्दलच बोललास," लोदूमामा म्हणाला. पत्र्याचं काय व्हायचं ते त्याने मनात उरकून घेतलं असावं. "बिया तुझ्या. हव्या तेवढ्या घेऊन जा. माती आमच्या बहिणीची, तिच्या लेकीची. साहेब, कूळ तयार नाही. लिहून घ्या."

नहूमने शहाळं तोंडाला लावलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. उन्हाचा दिवस होता. कतूराने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला जिंकल्याचा आनंद होईना. त्याने ते प्यायला नको होतं, याचाच तिला राग आला होता.

*

अधिकारी जाताना सभ्यपणे म्हणाला, "यावेळी नोंद झाली. पण जागा ओसाड आहे. बाग नाही, घर नाही, मालकीण पाण्यापलीकडे. पुढच्या वेळी हेच कुणी मांडलं तर मला लिहावं लागेल."

"पुढच्या वेळी?"

"अर्ज कितीही वेळा करता येतो, बाई. मनाई नाही."

नाही म्हणणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी यावं लागतं. कतूरा धक्क्यावर आली, होडीत बसलेल्या ओबेदकडे पाहिलं आणि सांगितलं, की ती परत येत नाही.

"परत येत नाही म्हणजे? उद्या?"

"कड्यावर घर बांधते. बाग करते. कुणीतरी बसलेलं दिसायला हवं."

ओबेदने यंत्राचं झाकण काढलं, पुन्हा बसवलं. त्यात बिघाड नव्हता. "आणि माझं जेवण?"

"तुझ्या बहिणी आहेत. इतकी वर्षं त्यांना माझा स्वयंपाक आवडला नाही, आता दाखवू देत."

"कतूरा, मी काय इथे येऊन राहू? इथे यंत्रं किती? दोन."

"तुला पंख आहेत," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं. कारण तिला रडू आलं होतं, आणि रडताना पाहिलेलं तिला चालत नसे. ओबेद महिन्यातून एकदा येतो. साखर आणतो, छपराची गळती बघतो आणि म्हणतो, की गिझोचा बाजार फार शांत झाला आहे. तिर्साने दवाखान्यातली नोकरी धरली. बाजारातली जागा एका नणंदेने घेतली आणि पाववाल्याने पाव आणखी लहान केला.

कड्यावर रताळी झाली. चष्मेवाले होते. थव्याने येत, वरच्या फांद्यांतून एकमेकांशी सारखे बोलत, फळं टोचत, आणि झाडांची रांग संपून पाणी दिसू लागलं की सगळे एकदम वळत. कतूराने कितीदा तरी ते पाहिलं. ज्यांच्यासाठी ती नवरा पाण्यापलीकडे सोडून आली होती, त्यांनी तिच्याकडे कधी मान वाकडी करूनही पाहिलं नाही. याचाही तिला राग होता, पण तो जरा मऊ राग होता.

मग एका सकाळी दक्षिणेकडून करवतीचा आवाज आला.

तिचा कडा नव्हे. पलीकडची खोरी, दुसऱ्या कुळाची. कंपनी गेलीच नव्हती. फक्त शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली होती. एक मोठं झाड पडलं. आधी आवाज, मग जमिनीतून पायाला लागलेला धक्का. चष्मेवाले वर उडाले, फिरले आणि त्याच कड्याच्या त्याच झाडांत येऊन पुन्हा बसले. इतरत्र गेले नाहीत.

कतूराने कुदळ टाकली आणि उतरणीला लागली. त्या कुळाच्या वस्तीत पोहोचली तेव्हा चार बायका चुलीशी होत्या. त्यांनी तिला ओळखलं, चटई टाकली, पानावर गरम कंद आणि नारळाच्या दुधातला मासा वाढला.

"सही कुणी केली?" कतूराने विचारलं.

"आमच्या भावांनी."

"तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीने चुलीकडे हात केला. "सुनावणीला आलेल्यांचं जेवण कोण करणार?"

"म्हणजे तुमच्या जमिनीचा घास त्यांनी तुमच्याच हातचा खाल्ला."

खोऱ्यात दुसरं झाड पडलं. चुलीवरचं झाकण थरथरलं.

"जमीन कुणाच्या आईची?"

"माझ्या," धाकटी म्हणाली. एवढा वेळ ती लाकडं सारत होती.

कतूराने पान बाजूला सरकवलं. भूक लागली होती आणि मासा चांगला होता, तरी सरकवलं. "मग ऊठ. लोदूमामाची होडी खाली आहे. तो अधिकारी गिझोला असतो. अर्ज कितीही वेळा करता येतो म्हणाला होता, मनाई नाही. आता तू कर."

"आणि हे?" धाकटीने चुलीकडे बघत विचारलं. "दुपारी भाऊ जेवायला येतील."

"येऊ देत की," कतूरा म्हणाली, "आणि बसू देत."